अश्मगोमय

माणसाच्या विष्ठेची मला कधी किळस आली नाही. येऊन चालणारच नव्हतं, कारण आमचं घर तिच्यावरच उभं आहे. चंद्रपुरात माझी पॅथॉलॉजीची लॅब आहे. लोक सकाळी सकाळी लाजत डबी आणतात, टेबलावर ठेवून भिंतीकडे बघत उभे राहतात, आणि मी ती उघडते. रक्त, आव, जंत, जे असेल ते समोर येतं. किळस मला येते ती माणसांची. गेल्या वर्षभरात तर इतकी आली की अजून तोंडाची चव परत आलेली नाही.

माझा नवरा हेमराज जीवतोडे बँकेत अधिकारी आहे. कॉलेजात आम्ही एकाच वर्गात होतो, तेव्हापासून त्याला स्वच्छतेचं वेड. द्राक्षं आधी मिठाच्या पाण्यात, मग सोड्याच्या पाण्यात, मग फिल्टरच्या पाण्यात. कुणाच्या लग्नाला गेला तरी पाण्याची बाटली घरची. मी लॅबमधून आले की अंगणातल्या नळावर हात-पाय धुतल्याशिवाय मला उंबरठा ओलांडू देत नसे. आणि मोठ्या आतड्याचा दाह नेमका त्यालाच जडला. आतड्याला आतून जखमा, पोटात कळा, रक्त, आणि दिवसभर संडासाकडे धाव.

संडासही त्याच्याच हट्टाने बसवलेला, नव्या पद्धतीचा. भांड्यातच सेन्सर, माणूस बाहेर येईपर्यंत मोबाइलवर अहवाल हजर. असे संडास घरोघर आले आणि माझा निम्मा धंदा बसला, पण ते असो. या यंत्राचं निदान ढोबळ असतं, म्हणून हेमराजची डबी दर आठवड्याला माझ्या लॅबमध्येही यायची. रोज सकाळी त्याच्या मोबाइलमधली बाई गोड आवाजात सांगायची, "आज रक्ताचं प्रमाण वाढलेलं आहे. काळजी घ्या." तो चहाचा कप हातात धरून नुसता बसून राहायचा.

डॉक्टरांनी दोनच रस्ते सांगितले होते. एक म्हणजे ऑपरेशन. मोठं आतडं काढून टाकायचं, पोटाला भोक पाडायचं आणि बाहेर पिशवी लावायची, जन्मभरासाठी. पिशवी हा शब्द ऐकला की हेमराज पांढराफटक पडायचा. दुसरा रस्ता म्हणजे नागपूरला सुरू असलेली नव्या औषधाची चाचणी. तिथे त्याचं नाव नोंदवून आम्ही बोलावण्याची वाट पाहत होतो. चाचणीत घेतलं तर आतडं वाचण्याची शक्यता, नाहीतर पिशवी. आमच्या घरात त्या वर्षी दुसरा विषय नव्हता.

हे औषध ज्यातून निघालं ती वस्तू आमच्याच जिल्ह्यातली. वरोऱ्याच्या पलीकडे वाघदरा नावाचं गाव आहे. तिथल्या शेतांत नांगर लागला की करड्या रंगाच्या, मुठीएवढ्या गाठी वर येतात. गावची पोरं त्या कुत्र्यांना मारायला वापरायची. ती डायनासोरची विष्ठा आहे, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची. चिखलात गाडली गेली आणि जमिनीतलं खनिजांचं पाणी तिच्यात मुरत गेलं. मोरावळ्यात आवळ्याच्या फोडीतलं पाणी बाहेर येतं आणि पाक आत शिरतो, फोडीचा आकार मात्र तसाच राहतो. तसंच इथे झालं, फक्त पाकाच्या जागी गारगोटी आणि मुरायला युगं लागली. विष्ठेचा दगड झाला, पण गवताची एकेक पेशी जागच्या जागी राहिली.

नागपूरच्या संशोधकांनी अशा एका गाठीच्या गाभ्यातून जिवाणूंचे बीजाणू काढले. उपासमारीचे दिवस आले की काही जिवाणू स्वतःभोवती जाड कवच बांधून आत झोपून जातात, तो बीजाणू. हे गारगोटीत बंद झालेले, त्यामुळे त्यांना हवा लागली नाही, पाणी लागलं नाही. ते जागे केले तेव्हा दिसलं की त्यांच्यातून पाझरणारा एक पदार्थ सुजलेल्या आतड्याला शांत करतो. मग ते प्रयोगशाळेत वाढवले, शुद्ध केले, कॅप्सूलमध्ये भरले आणि मोजक्या रोग्यांवर चाचणी सुरू केली. इथवर सगळं सरळ होतं.

बातमी फुटली आणि वाघदऱ्याची शेतं लोकांनी रातोरात उकरली. सरकारने घाईघाईने जीवाश्म कायदा आणला. अशा गाठी उकरणं, विकणं, देशाबाहेर नेणं, सगळा गुन्हा. कायदा आला आणि भाव चढले. इंटरनेटवर दुकानं उघडली, आज एका नावाने, उद्या दुसऱ्या. कॅप्सूलची वाट कोण बघतो, मूळ दगडच घ्या ना.

आता शेण खा म्हटलं तर कुणी खाईल का? तोंड फोडेल सांगणाऱ्याचं. पण कुणा सुपीक डोक्याने त्याला 'अश्मगोमय' असं नाव दिलं. डायनासोर काही गाय नव्हती. पण गोमय म्हटलं की आपल्याकडे अर्धी शंका तिथेच मिटते, आणि वर अश्म लावलं की ते शास्त्रीय होतं. पिवळ्या डबीत एक गाठ, मखमलीचं अस्तर, आणि सोबत चिमुकली सहाण. बाळगुटीतलं जायफळ उगाळतात तशी ही गाठ सहाणेवर उगाळायची आणि सकाळी अनशापोटी मधातून चाटायची. मी लॅबमध्ये या जाहिराती बघून हसायचे. आपल्या घरात असलं काही येणार नाही याची मला खात्री होती, कारण द्राक्षं तीनदा धुणारा नवरा माझ्या घरात होता.

पावसाळा संपता संपता हेमराज सुधारायला लागला. धाव कमी झाली, चेहऱ्यावर तकाकी आली. मोबाइलमधली बाई एके दिवशी म्हणाली, "अभिनंदन! तुमच्या आतड्याचं वय आता एकतीस वर्षं आहे." हेमराजने ते मला दोनदा ऐकवलं. मला आनंद झाला आणि शंकाही आली, कारण औषधं तर तीच होती. रविवारी दसऱ्याची साफसफाई काढली तेव्हा देवघराच्या खालच्या कप्प्यात, उदबत्त्यांच्या मागे, पिवळी डबी सापडली. गाठ अर्ध्याहून जास्त झिजली होती.

तो बाहेर वर्तमानपत्र वाचत होता. मी डबी त्याच्यासमोर ठेवली.

"हे काय आहे, हेमराज?"

त्याने डबीकडे पाहिलं आणि पान उलटलं. "ओरडू नकोस. फरक पडलाय ना?"

"हे विकणं गुन्हा आहे. हे कुणी बनवलं, कुठे बनवलं, कशाचं बनवलं, काही ठाऊक आहे का तुला?"

"गुन्हा आहे म्हणूनच घेतलं," तो अगदी शांतपणे म्हणाला. कर्जाची फाइल समजावून सांगताना बोलतो तसा. "इथले दगड खोटे असू शकतात, ते मला कळतं. हे इथून चोरून बाहेर गेलेले आहेत. तिकडच्या तपासनिसाचा शिक्का आहे बघ, होलोग्राम आहे. खोट्या मालासाठी कुणी एवढी चोरी करेल का? चोरीचा आहे म्हणजे अस्सल आहे, प्रणिता."

माझ्या नवऱ्याने आयुष्यभर लोकांचे खोटे सातबारे पकडले. दगड खरा असल्याचा पुरावा म्हणून त्याने चोरी धरली.

"नागपूरच्या चाचणीचं काय? त्यांनी स्पष्ट लिहिलंय, असलं काही घेतलेला माणूस चालणार नाही म्हणून."

"म्हणूनच तुला सांगितलं नाही," तो म्हणाला आणि वर्तमानपत्रात डोकं घातलं.

दुसऱ्या दिवशी मी ती गाठ लॅबमध्ये नेली. फरशी कापायच्या चकतीने तिचा पापुद्र्याएवढा पातळ काप काढला आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरला. खऱ्या गाठीत गवताच्या पेशी दिसायला हव्या होत्या. गवत कुठे नव्हतंच. तुरीच्या डाळीची सालं होती. टोमॅटोच्या बियांचे तुकडे होते. आणि मधोमध, गारगोटीत सुरेख जपून ठेवलेली, खडबडीत कवचाची गोल अंडी होती. ती मी रोज बघते. माणसाच्या पोटातल्या मोठ्या जंताची अंडी.

हे कसं करतात ते मला वाचून माहीत होतं. शीघ्र अश्मीकरण म्हणतात त्याला. निघालं ते चांगल्या कामासाठी, संग्रहालयांतल्या नाजूक वस्तू टिकवण्यासाठी. वस्तू पातळ काचेसारख्या द्रावणात बुडवायची, द्रावण पेशीपेशीत शिरतं, मग मंद भट्टीत वाळवायचं. निसर्गाला युगं लागली ते काम आठवड्यात उरकतं. पण भट्टी मंद असते. काटक बीजाणू त्यात मरत नाहीत, नुसते काचेत झोपतात, आणि सहाणेवर उगाळलं की मोकळे होतात. ते साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे नव्हते. गेल्या काही महिन्यांतले होते, कुणाच्या तरी आजारी पोटातले. उरलेल्या भुकटीची तपासणी केली तर त्यात सूज तात्पुरती दाबणारं स्टिरॉइड निघालं. हेमराजच्या आतड्याचं वय एकतीस कशामुळे झालं होतं तेही कळलं.

पण काप मी पुन्हा पुन्हा सरकवून बघितला तो दुसऱ्याच गोष्टीसाठी. कापाच्या कडेला हिरवे ठिपके होते.

आमच्या लॅबची एक खोड आहे. तपासून झालेल्या डबीत मी हिरव्या रंगाचा एक थेंब टाकते, म्हणजे तीच डबी चुकून दुसऱ्यांदा तपासली जात नाही. बाकीच्या लॅब झाकणाला चिकटपट्टी लावतात. हा रंग मी स्वतः बनवते, त्यात माझं असं एक मिश्रण आहे, आणि सूक्ष्मदर्शकाखाली तो मला लगेच ओळखू येतो. मी जे जाळायला म्हणून पिवळ्या पिशवीत बांधून देत होते, ते दगड होऊन माझ्या देवघरात येऊन बसलं होतं.

लॅबचा कचरा न्यायला दिवाकर ठेंगणे गाडी घेऊन येतो. जिल्ह्यातल्या बहुतेक लॅब त्याच्याकडेच. मी त्याला आत बोलावलं, दार लावलं आणि काप दाखवला. मला वाटलं होतं, तो हादरेल.

"भट्टीत जाळाले खर्च येते, मॅडम," तो म्हणाला. "एका सायबानं म्हटलं, आमाले द्या. देल्लं. म्या सोता काई इकलं नाई."

"ते काय करतात याचं, ते माहीत आहे तुला?"

"हाव ना जी. भद्रावतीच्या रोडवर शेड हाय. टाक्यात भिजू घालते, मंग भट्टीत टाकते. गोटा होते. सजावटीचे गोटे म्हनून बाहेरच्या देशात जाते, तिकडून शिक्का मारून इकडंच येते. पयले म्हैसीचं शेण वापरे, पन त्यात पाला लय दिसे. मानसाचं बारीक असते, गोटा कसा गुळगुळीत येते. लॅबचा माल कमी पडला त संडास उपसनाऱ्या टँकरवाल्याचा घेते."

"लोक खातात रे ते, दिवाकर."

"खाते ना," तो म्हणाला. त्याला खरंच नवल वाटत होतं, माझं. "तुमी काऊन येवढ्या तापून रायल्या? तुमी त फेकलंच होतं."

मी त्याला बाहेर काढलं आणि पोलिसांत गेले. शेडला सील लागलं, फोटो छापून आले, पंधरवड्यात नव्या नावाचं दुकान उघडलं. डबी आता निळी होती. मला त्या साहेबाचा राग आला, दिवाकरचा आला, पण सगळ्यांत जास्त शिसारी आली ती विकत घेणाऱ्यांची. ज्या देशात दुसऱ्याच्या हातचं पाणी घ्यायला लोक मागेपुढे पाहतात, तिथे शिक्का बघून माणसं दुसऱ्याची विष्ठा मधातून चाटत होती, आणि वर शेजाऱ्याला सांगत नव्हती, त्याला फुकट फायदा होऊ नये म्हणून.

हेमराजला सगळं सांगितलं तेव्हा त्याने ऐकून घेतलं आणि पहिलं वाक्य बोलला, "पण फरक तर पडला होता."

तेव्हा माझा तोल गेला. "तुझी डबी दर आठवड्याला माझ्याकडेच येत होती, हेमराज. तीसुद्धा त्याच पिशवीत जायची. तू दुसऱ्यांचंच खाल्लंस की स्वतःचंही, ते मी सांगू शकत नाही."

तो न्हाणीघरात गेला. बराच वेळ ब्रशचा आवाज येत होता. बाहेर आला तेव्हा जिभेतून रक्त येत होतं. मला त्याची दया आली आणि किळसही आली, आणि बाईने दोन्ही एकदम कसं सांभाळायचं ते मला कुणी शिकवलेलं नाही.

डबी बंद झाली तसं स्टिरॉइडही बंद झालं. दिवाळीच्या आत रक्त पुन्हा सुरू झालं, पूर्वीपेक्षा जास्त. मी त्याला जंताचं औषध दिलं, प्रतिजैविकं दिली, पण त्याच्या पोटात आता एक चिवट जिवाणू ठाण मांडून बसला होता आणि तो काही जाईना. त्यातच नागपूरचं बोलावणं आलं. चाचणीसाठी निवड झाली आहे. नमुना द्यायला समक्ष या.

त्या संध्याकाळी हेमराज माझ्याजवळ येऊन बसला. "नमुन्यात सापडेल ना ते?"

"सापडेल."

"तुझ्याकडे डब्या असतात," तो म्हणाला. माझ्याकडे न बघता, चटईची काडी उपटत. "कुणातरी निरोगी माणसाची एक... माझ्या नावाने."

अंगणातल्या नळावर मला अडवणारा हाच माणूस. मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि भांडी जोरजोरात घासली. नाही म्हणायला माझी जीभ उचलली नाही. तो रात्री कळा आल्या की उशी तोंडात धरायचा, मला आवाज जाऊ नये म्हणून. एकदा पिशवी लागली की हा माणूस आरशासमोर उभा राहणार नाही, जेवायला माझ्यासमोर बसणार नाही, हे मला दिसत होतं. तीस वर्षं ज्या धंद्यात खोटा अहवाल दिला नाही, त्यात मी स्वतःच्याच नमुन्याची डबी भरली, पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवली आणि आम्ही नागपूरला निघालो. त्या दिवशी माझी मलाच किळस आली.

चाचणी केंद्राच्या हॉलमध्ये पंधरा-वीस रोगी होते, प्रत्येकाबरोबर घरचं माणूस. सगळी शिकलेली, बरी परिस्थिती असलेली. नमुन्याच्या डब्या वाटल्या गेल्या. मग चाचणीच्या प्रमुख डॉ. नाझनीन काझी समोर येऊन उभ्या राहिल्या. बारीक अंगाच्या, झोप न झालेल्या डोळ्यांच्या.

"नमुना द्यायच्या आधी एक विचारते," त्या म्हणाल्या. "बाजारातला दगड उगाळून कुणी घेतला असेल तर आत्ता सांगा. मी रागावणार नाही. त्या दगडांतून एक जिवाणू पोटात जातोय. तो आणि आमचा जिवाणू एकत्र आले की आतडं फुटतं. मागच्या तुकडीत एक गृहस्थ गेले. त्यांनी नमुना बदलला होता. त्यांच्या बायकोने नंतर सांगितलं."

माझ्या मांडीवर पर्स होती. हेमराजने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी चेन उघडली नाही. त्यानेही हात पुढे केला नाही.

हॉलमध्ये कुणी हललं नाही. लोक मोबाइल बघत होते, भिंतीवरचं घड्याळ बघत होते, चपलांचे पट्टे नीट करत होते.

हेमराज उभा राहिला. उभं राहताना त्याला खुर्चीचा आधार घ्यावा लागला.

"मी घेतलाय," तो म्हणाला.

"काय घेतलंत? नाव सांगाल?" डॉक्टरांनी विचारलं.

"डबीवर अश्मगोमय लिहिलं होतं." तो थांबला. "मी त्याला शेण म्हणणार होतो, पण ते शेणही नव्हतं. गू होता, डॉक्टर. माणसांचा. म्या तो दोन महिने मधासंग खाल्ला."

कुणीतरी "शी" म्हणालं. मागच्या रांगेत एक तरुण हसला आणि त्याच्या वडिलांनी त्याला गप्प केलं. डॉ. काझींनी मान हलवली, हेमराजच्या नावापुढे काट मारली आणि हळू आवाजात म्हणाल्या, "ऑपरेशनची तारीख मी स्वतः लवकरची घेऊन देते." हेमराज खाली बसला. मी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"आणखी कुणी?" डॉक्टरांनी विचारलं. त्या थांबून राहिल्या. कुणीच उठलं नाही.

हेमराजच्या पलीकडे साठीच्या एक बाई बसल्या होत्या, नीट इस्त्रीची सुती साडी, कपाळावर चंदनाची रेघ. त्यांनी पदर नाकाला लावला आणि खुर्ची चांगली हातभर लांब सरकवली. तेवढ्यात त्यांचं नाव पुकारलं गेलं. त्यांनी डबी उचलली तेव्हा मला त्यांची बोटं दिसली. अंगठ्याच्या आणि तर्जनीच्या पेरांवर कातडी झिजून राखाडी डाग पडले होते. सहाणेवर रोज दगड उगाळला की पडतात तसे. हेमराजच्या बोटांवरचे अजून गेले नव्हते.

मी उठून त्यांचं मनगट धरलं. "बाई, आत जाऊ नका."

"सोडा हात," त्या म्हणाल्या. "काय समजता तुम्ही मला? आमच्या घरात कांदा-लसूणसुद्धा चालत नाही."

मी मनगट सोडलं नाही. सगळा हॉल आमच्याकडे बघत होता. डॉ. काझी आमच्या दिशेने यायला लागल्या. बाईंची नाडी माझ्या बोटांखाली फडफडत होती.

हेमराज वाकला. बाईंनी लांब सरकवलेली खुर्ची त्याने ओढून पुन्हा आपल्या शेजारी आणून ठेवली, आणि रुमालाने तिची बैठक पुसली.

"बसा, ताई," तो म्हणाला. "एकदाच सांगाले जड जाते."

त्या बसल्या नाहीत. पण आतही गेल्या नाहीत.